पोर्ट ८० वर कोण बसलंय?

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचं एक रडगाणं ठरलेलं: ‘सर, झॅम्पमध्ये अपाची सुरूच होत नाही. हिरवा होतो आणि लगेच बंद पडतो.’ माझ्याकडे आलेल्या एकाने तर रात्रभरात झॅम्प हे अपाचीचं पॅकेज तीनदा काढून तीनदा टाकला होता.

गैरसमज: अपाची बिघडलाय, नव्याने टाकला की चालेल.

बहुतेक वेळा अपाची हा वेब सर्व्हर धडधाकट असतो; अडतं ते पोर्टपाशी. पोर्ट म्हणजे काही मशीनच्या मागची खाच नव्हे. तो ० ते ६५,५३५ यांमधला एक क्रमांक. वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, मायएसक्यूएलसाठी ३३०६. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॉम्प्लेक्समधला गाळा डोळ्यांसमोर आणा. त्यात आधीच कुणी दुकान थाटलं असेल, तर तुम्ही कितीही नवी पाटी रंगवून आणा, आत शिरता येणार नाही. नवा झॅम्पही त्याच ८० नंबरचं दार ठोठावतो. अपाचीच्या एरर लॉगमध्ये विंडोजवर १००४८ किंवा लिनक्सवर ९८ हा क्रमांक दिसला, तर समजा गाळा भरलेला आहे. लॉग मात्र कुणी उघडत नाही!

गैरसमज: मशीनमध्ये व्हायरस शिरलाय.

८० वर बसलेला बहुधा घरचाच निघतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटस्टॅट’ ही कमांड ए, एन, ओ हे तीन पर्याय जोडून चालवा. ज्या ओळीत ८० आणि ‘लिसनिंग’ दिसेल, तिच्या शेवटचा आकडा म्हणजे जागा अडवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये तो शोधला की नाव कळतं. एके काळी हा पाहुणा हमखास स्काइप असायचा. त्याच्या जुन्या आवृत्त्या ८० आणि ४४३ वर ठाण मांडत.

गैरसमज: क्रमांक सापडला की ‘एंड टास्क’ करायचं.

इथे जरा थांबा. क्रमांक ४ दिसला, तर ती ‘सिस्टम’ आहे, म्हणजे खुद्द विंडोज. ती मारायच्या भानगडीत पडू नका. तिच्या आडून सहसा मायक्रोसॉफ्टचाच वेब सर्व्हर, आयआयएस, चालू असतो. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ थांबवा आणि तिचा स्टार्टअप प्रकार ‘मॅन्युअल’ करा. नुसती थांबवली, तर उद्या मशीन चालू होताच ती पुन्हा हजर. ‘रीस्टार्ट केलं की सुटतं’ हा समज इथेच फसतो. उबुंटूवर अपाची आणि एनजिनएक्स हे दोन्ही वेब सर्व्हर टाकलेले असतील, तर जो आधी उठेल त्याचा ८०; नको असलेल्याची आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी लागते.

फायरवॉल बंद करून पाहणारेही भेटतात. फायरवॉल येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवते, गाळा कुणाचा हे ठरवत नाही. तिला उगाच बंद करू नका.

गैरसमज: दोन साइट्स असल्या की दोन पोर्ट लागतात.

एकाच ८० वर एकच अपाची अनेक साइट्स सांभाळतो. ब्राउझर विनंतीसोबत साइटचं नावही पाठवतो, ते वाचून अपाची ज्याचं त्याला देतो. ‘व्हर्च्युअल होस्ट’ म्हणतात ते हेच. होस्टिंगचा धंदा बराचसा त्यावरच चालतो.

आणि ८० रिकामा करणं जमतच नसेल, तर अपाचीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘लिसन’पुढचा ८० बदलून ८०८० करा. ‘सर्व्हरनेम’मधलाही बदला. ४४३ अडलेला असेल, तर एसएसएलच्या फाइलमध्येही असाच वेगळा, रिकामा क्रमांक द्यावा लागतो. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० लिहायचं. न लिहिल्यास ब्राउझर ८० वरच जातो आणि समोर आयआयएसचं निळं पान उघडतं. व्हायव्हाच्या टेबलावर ते उघडायच्या आत, आदल्या रात्रीच एकदा नेटस्टॅट चालवून बघा.