पेल्यातला नागरमोथा

दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत, फेब्रुवारीतल्या सकाळी, माझ्यापुढे चार पेले मांडले होते. दोन पांढऱ्या वाइनचे, दोन लाल. पहिला नाशिकच्याच सॉव्हिन्यॉं ब्लांकचा, दुसरा जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंगचा, तिसरा फ्रान्समधल्या बोर्दोचा आणि चौथा फ्रान्सच्याच ऱ्होन खोऱ्यातल्या सिराचा. या सिरालाच आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियात शिराझ म्हणतात. माझ्या शेजारी मित्राचे वडील बसले होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तात्यांनी उभी हयात थॉम्पसन द्राक्षाच्या बागेत काढली. वाइनला त्यांनी कधी ओठ लावला नाही आणि त्या दिवशीही लावणार नव्हते. "नुसता वास घेतो," म्हणाले.

चव समजावून सांगणारी मुलगी मन लावून सांगत होती. पहिल्या पेल्यात गूजबेरी, तिसऱ्यात ब्लॅककरंट, चौथ्यात ब्लॅकबेरी. यातलं एकही फळ आमच्यापैकी कुणी झाडावरून तोडून खाल्लेलं नव्हतं. तात्यांनी पहिला पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पेरू. पाडाला लागलेला. टोपलीत झाकून ठेवला की दुसऱ्या दिवशी घरभर सुटतो ना, तो वास." मधले दोन पेले त्यांनी न बोलता हुंगले. चौथ्याला मात्र मान वर केली. "पोरी, ह्यात मिरी कुटून टाकलीय का गं?"

"नाही हो तात्या, नुसती द्राक्षं आहेत," ती म्हणाली.

ती खरंच बोलत होती. पण तात्याही दोन्ही वेळा बरोबर होते. रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने साक्ष देतं.

आधी नाक आणि जीभ यांचा हिशेब स्पष्ट करायला हवा. चिमूटभर बडीशेप घ्या, नाक घट्ट दाबून धरा आणि चावा. जिभेवर थोडा गोडवा आणि चोथा, बाकी काही नाही. आता नाक सोडा. एका क्षणात सगळी बडीशेप तोंडात हजर होते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा असा घशामागच्या वाटेने नाकात पोचणारा वास असतो. जिभेला मोजक्याच गोष्टी कळतात. म्हणून वाइन पारखणारे पेला गोल फिरवतात, घोट तोंडात खेळवतात आणि थुंकून टाकतात. दिवसाला पन्नास-साठ नमुने तपासायचे तर दुसरा मार्गच नाही. वाइन ही शेवटी दारूच आहे आणि दारूचे शरीरावर होणारे परिणाम तिच्या सुगंधाने कमी होत नाहीत. पण वास घ्यायला पिण्याची गरज नसते, हे तात्यांनी त्या सकाळी दाखवून दिलं.

तर पहिला पेला. सॉव्हिन्यॉं ब्लांकच्या खास वासामागे गंधक असलेले काही रेणू आहेत, त्यांना थायोल म्हणतात. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातली सॉव्हिन्यॉं याच रेणूंच्या जोरावर जगभर ओळखली जाते. गंमत अशी की वेलीवरच्या द्राक्षात हे थायोल मोकळे नसतातच. ते एका अमिनो आम्लाला बांधलेले, बिनवासाचे असतात. रस आंबवताना यीस्ट तो बंध तोडतं आणि वास मोकळा होतो. बोर्दो विद्यापीठातल्या देनी द्युबुर्दियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे कोडं उलगडलं. त्यांना सापडलेला एक महत्त्वाचा थायोल पुढे पिकलेल्या पेरूतही मिळाला, आणि तिथेही तो वासाच्या मुख्य कर्त्यांपैकी एक निघाला. तात्यांनी 'पेरूसारखा' असं म्हटलंच नव्हतं, ते सरळ 'पेरू' म्हणाले होते. रेणूपुरतं बोलायचं तर तेच जास्त अचूक आहे.

दुसरा पेला मोझेलचा. तिथली गोष्ट आपल्याहून अगदी वेगळी. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर, मोझेल पन्नासच्या आसपास. तिथे नदीकाठच्या उभ्या चढणीवर, पाटीच्या काळ्या दगडात वेली लावतात, कारण तो दगड दिवसभराचं ऊन धरून ठेवतो. हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून शेतकरी कात्रीने तिचं वर्ष ठरवतो: एप्रिलात खरड छाटणी, पावसाच्या शेवटी गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडा. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असा हा काळ असतो. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल, झपाट्याने जळतं. रात्री थंड असल्या तर ते थोडं टिकतं. मोझेलला ही चिंता नाही, तिथे आम्ल भरपूर उरतं. म्हणून ती रीसलिंग कैरीच्या फोडीसारखी दातांना झिणझिण्या आणते.

पण तिच्यात आणखी एक वास होता आणि तो ओळखायला मला वेळ लागला नाही. रॉकेल! लहानपणी आजीच्या स्वयंपाकघरात पितळी स्टोव्हला पंप मारताना यायचा तो, अगदी पुसट. जुन्या रीसलिंगमध्ये हा वास येणं हा दोष नाही, ती तिची ओळख आहे. गाजराला केशरी रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड कुटुंबातली रंगद्रव्यं द्राक्षातही असतात. उन्हाने ती तुटतात आणि त्यांच्या तुकड्यांपासून बाटलीतल्या वर्षांमध्ये हळूहळू टीडीएन नावाचा रेणू घडतो. रॉकेलचा वास त्याचा. घड जितके उन्हात, तितका तो जास्त. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागातल्या रीसलिंगमध्ये तो लवकर आणि ठसठशीत येतो.

तिसरा पेला लाल. काळ्या द्राक्षांची ती लाल वाइन आणि पांढऱ्या द्राक्षांची ती पांढरी, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. काळं द्राक्ष सोलून पाहा, आतला गर बहुतेक वेळा बिनरंगाचाच असतो. रंग सालीत असतो. रस सालीसकट आंबवला तर वाइन लाल, आधीच गाळून घेतला तर पांढरी. शॅम्पेनचा मोठा भाग पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासूनच बनतो.

सालीतून आणि बियांतून रंगाबरोबर टॅनिनही उतरतं. लाल आणि पांढऱ्या वाइनमधला तोंडाला जाणवणारा खरा फरक हा आहे, आणि त्यासाठी मराठीत शब्द शोधायला लागत नाही: तुरट. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांचा साका होतो, जिभेवरचं वंगण जातं आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. जांभळं खाल्ल्यावर होतं तेच. आधुनिक शास्त्र तुरटपणाला जिभेच्या मूळ चवींत बसवत नाही, त्याला बहुतेक स्पर्शाची संवेदना मानतं. आपल्या परंपरेने त्याला सहा रसांत मानाची जागा दिली. स्पर्श की चव हा वाद शास्त्रज्ञांनी घालावा, पण ज्या भाषेत तुरट हा शब्द रोजच्या जेवणातला आहे तिला लाल वाइन समजायला निम्मं अंतर आधीच कापलेलं आहे, असं मला मनापासून वाटतं. कोऱ्या चहाचा तुरटपणा दूध घातलं की का जातो? दुधातली प्रथिनं टॅनिनला आधीच गाठतात, लाळेच्या वाट्याला ते उरत नाही. लाल वाइनबरोबर चीज आणि मटण वाढण्यामागेही हेच कारण आहे.

बोर्दोच्या त्या पेल्यात तुरटपणाच्या खाली एक हिरवट वास दडलेला होता. चिरलेल्या ढोबळी मिरचीचा. काबर्ने सॉव्हिन्यॉं या द्राक्षात मेथॉक्सिपायराझिन गटातला एक रेणू असतो. तो मूळ सापडला ढोबळी मिरचीतच, १९६९ साली, कॅलिफोर्नियात. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग मिसळले तरी माणसाच्या नाकाला पत्ता लागतो. द्राक्ष पिकत जातं, घडांवर ऊन पडतं, तसा तो कमी होतो. म्हणजे हा वास जोरात आला तर समजावं की त्या वर्षी ऊन कमी पडलं, किंवा पानांनी घड झाकून ठेवले होते, किंवा तोडा घाईने झाला. चांगला पारखी पेल्यातून बागेची पानछाटणी वाचतो ती अशी.

नाकावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, किंबहुना डोळे झाकूनच ठेवावा. बोर्दो विद्यापीठातल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन दिली. लाल दिसणारी वाइन खरं तर तीच पांढरी होती, फक्त तिच्यात वासरहित लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ही शिकलेली मुलं होती, ती खोटं बोलत नव्हती. डोळ्यांनी लाल रंग पाहिला आणि मेंदूने त्या रंगाची फळं पुरवली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पाठ केलेले शब्द नाकाच्या पुढे धावतात हे त्याने दाखवलं. ज्याने ब्लॅककरंट कधी हुंगलंच नाही, त्याला पेल्यात ब्लॅककरंट 'येतं' ते नाकातून येत नाही.

आता चौथा पेला, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

शिराझला मिऱ्याचा वास येतो हे वाइनच्या जगात कितीतरी काळ माहीत होतं. तो कशामुळे येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. ॲडलेड इथल्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ काही वर्षं त्याच्या मागे होते. अडचण अशी की तो रेणू अत्यल्प होता. यंत्राला दिसत नव्हता, नाकाला मात्र येत होता. शेवटी त्यांनी वाइन बाजूला ठेवून थेट मिऱ्याकडे मोर्चा वळवला. तिथे तो वाइनच्या हजारो पट होता आणि तिथेच हाती लागला. २००८ साली त्यांनी जाहीर केलं की शिराझमधला मिरी-वास आणि खुद्द मिऱ्याचा वास यांच्यामागे एकच रेणू आहे, रोटंडोन. मिरी आपण हजारो वर्षं जगाला विकतो आहोत, पण तिच्या वासाचा हा प्रमुख धनी तोवर पडद्याआडच होता.

रोटंडोन हे नाव मात्र नवं नव्हतं. ते आलं सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून. तिच्या गाठींच्या तेलात हा रेणू आधीच सापडला होता. तो शोधनिबंध १९६७ सालचा आणि तो लिहिला होता पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पाषाणच्या त्या प्रयोगशाळेत तेव्हा वनस्पतींच्या तेलांचं रसायनशास्त्र जगाच्या बरोबरीने चाललं होतं. एकेका तेलातून एकेक घटक वेगळा करून त्याची रचना ठरवायची, असं ते चिकाटीचं काम. तो रेणू एक दिवस फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या वाइनचं कोडं सोडवेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही नसणार.

आणि सायपेरस रोटंडस म्हणजे कोण? आपला नागरमोथा. दिवाळीच्या पहाटे उटण्यात असतो तो. शेतकऱ्याच्या भाषेत लव्हाळा. कितीही खुरपला तरी जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटणारं तण. मी हे सांगितलं तेव्हा तात्या कितीतरी वेळ त्या पेल्याकडे बघत राहिले. "आयुष्यभर मजूर लावून उपटला," एवढंच म्हणाले.

रोटंडोनची ताकद आकड्यात सांगायची तर, लाल वाइनच्या एका लिटरमध्ये तो १६ नॅनोग्रॅम असला तरी कळतो. एक ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटर वाइनला पुरेल. तो द्राक्षाच्या सालीत असतो आणि थंड जागी, थंड वर्षी, सावलीतल्या घडांत जास्त साठतो. म्हणून ऱ्होनच्या उत्तर भागातली किंवा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या थंड भागातली शिराझ मिरमिरीत लागते आणि उष्ण बरोसा खोऱ्यातली मुरंब्याकडे झुकते. द्राक्ष एकच, वेगळं आहे ते हवामान.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचं एक चक्र मांडलं. 'भारदस्त', 'नाजूक' असले शब्द त्यांनी बाजूला ठेवले आणि ज्याचा वास खरोखर घेता येतो अशा वस्तूंचीच नावं घेतली. या पद्धतीचं मोल फार आहे, पण त्यातल्या वस्तू त्यांच्या बाजारातल्या होत्या. आपली यादी वेगळी असायला हवी. नाशिकच्या बाटलीवर, निदान मराठीत लिहिताना, गूजबेरीच्या जागी पेरू छापावा, तुरटपणाला तुरटच म्हणावं आणि शिराझवर मिरी लिहायला कचरू नये. ही नावं केवळ सोयीची नाहीत, रेणूच्या पातळीवर खरी आहेत.

येत्या दिवाळीत उटणं कालवण्यापूर्वी नागरमोथ्याची पूड थोडी वेगळी काढा. शेजारी दोन मिरी भरडून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना आळीपाळीने दोन्ही हुंगायला द्या. दोन्हींत मिळून असलेला एक कोरडा, लाकडासारखा उग्र धागा सापडतो का बघा. कुणाला तो अजिबात सापडला नाही तर त्याला हसू नका. ॲडलेडच्या चाचणीत दर पाच माणसांमागे एकाला रोटंडोनचा वास येतच नव्हता, पाण्यात तो ओळखू येण्याच्या पातळीच्या पाचशे पट मिसळला तरीही.