खर्डा तपासावा कसा?

महाविद्यालयात गेल्यावर तुम्हांला केव्हातरी शोधनिबंध लिहावा लागेल. पहिला खर्डा पुरा झाला, की शुद्धलेखन सुधारायचे आणि तो सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा, यालाच पुष्कळजण तपासणी समजतात. खरी तपासणी याहून वेगळी असते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या एका निबंधावरून ती चांगली समजते.

1936 साली आइन्स्टाइन व त्यांचे तरुण सहकारी नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाकडे एक निबंध पाठवला. 'गुरुत्वीय तरंग अस्तित्वात आहेत काय?' असा त्याचा मथळा होता आणि 'नाहीत' हे त्याचे उत्तर. तरंगांचे गणित मांडताना काही ठिकाणी राशी अनंत होत होत्या. त्यावरून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता.

संपादकांनी निबंध एका तज्ज्ञाकडे तपासावयास दिला. त्याने दहा पानांचे टिपण लिहून दाखवून दिले, की ही अडचण तरंगांची नसून गणितासाठी निवडलेल्या सहनिर्देशकांची आहे. पृथ्वीचा गोल पाहा. उत्तर ध्रुवावर सारी रेखावृत्ते एका बिंदूत मिळतात. तेथील रेखांश सांगताच येत नाही. म्हणून काय तेथे पृथ्वीला भोक पडले आहे? दोष आहे तो आपण आखलेल्या रेषांचा!

न विचारता निबंध दुसऱ्यास दाखवला म्हणून आइन्स्टाइन रागावले व त्यांनी तो परत घेतला. पुढे प्रिन्स्टन येथील एच. पी. रॉबर्टसन यांच्या मदतीने त्यांना चूक उमगली. 1937 साली निबंध दुसऱ्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा मथळा 'गुरुत्वीय तरंगांविषयी' असा झाला होता. 'नाहीत' हे उत्तर जाऊन दंडगोलाकार तरंगांचे गणित आले होते आणि शेवटी रॉबर्टसन यांचे आभार होते. ते अनामिक तज्ज्ञही रॉबर्टसनच होते, हे 2005 साली उजेडात आले. गुरुत्वीय तरंग 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळांनी प्रत्यक्ष टिपले. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास 2023 साली केंद्र शासनाने मंजुरी दिली आहे.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो. प्रथम निष्कर्ष पाहावा : तो कोणत्या मोजमापावर वा गणितावर उभा आहे? हाच परिणाम उपकरणामुळे किंवा मोजण्याच्या रीतीमुळे तर दिसत नाही ना? मग मांडणीचा क्रम पाहावा. शुद्धलेखन सर्वांत शेवटी. कारण जो परिच्छेद मुळात काढूनच टाकावयाचा, त्यातील वेलांट्या सुधारण्यात काय हशील? मथळाही निष्कर्षाशी पुन्हा ताडून पाहावा. आणि खर्डा दुसऱ्या कोणाला तरी वाचावयास द्यावाच. त्याने दाखवलेली उणीव कडू लागेल. परंतु राग शमल्यावर ते टिपण पुन्हा एकदा शांतपणे वाचावे.