दसऱ्याच्या मेबॅकचा शर्यतीतला पूर्वज

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात शाही मेबॅक मोटार येते, तेव्हा सीमोल्लंघनासाठी जमलेल्या करवीरकरांच्या नजरा तिच्यावर खिळतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ही जर्मन बनावटीची गाडी संस्थानात दाखल झाली. तिच्या डौलाचे कौतुक दरवर्षी होते. मात्र ज्या अभियंत्याचे आडनाव ती मिरवते, त्याने आधुनिक मोटारीचा घाट एका शर्यतीच्या गाडीतून घडविला, हे क्वचितच सांगितले जाते.

विल्हेल्म मेबॅक हे गॉटलीब डाइमलर यांचे सहकारी. मार्च १९०० मध्ये फ्रान्समधील नीसजवळच्या ला तुर्बी घाटातील शर्यतीत डाइमलर कंपनीची 'फिनिक्स' गाडी पहिल्याच वळणावर कड्यावर आदळली आणि चालक विल्हेल्म बाउअर प्राणास मुकला. गाडी उंच, आखूड आणि पुढून जड होती. वळणावर ती सावरणे कठीण होते. शर्यतींचा नाद सोडावा, असा सूर त्यानंतर कंपनीत निघाला. व्यापारी एमिल येलिनेक यांनी त्याला विरोध केला. त्यांना लांब, रुंद आणि ठेंगणी गाडी हवी होती. तशा ३६ गाड्यांची मागणी नोंदवताना त्यांनी एक अट घातली : गाडीला आपल्या मुलीचे, म्हणजे मर्सिडीजचे नाव द्यावे.

मेबॅक यांनी इंजिन खाली, पोलादी सांगाड्यात बसविले. क्रँककेससाठी हलका मिश्रधातू वापरला. सुमारे ५.९ लिटरचे ते चार सिलिंडरचे इंजिन ३५ अश्वशक्ती देत असे. आजच्या छोट्या मोटारीही याहून अधिक शक्ती देतात, हे खरे. पण येथे आकड्यापेक्षा मांडणी महत्त्वाची आहे. गुरुत्वमध्य खाली आल्याने गाडी वळणावर रस्ता धरून राहू लागली.

त्याहून मोठी करामत रेडिएटरची. मेबॅक यांनी ६ मिलिमीटर चौकोनी छेदाच्या ८,०७० नळ्या मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे एकत्र जोडल्या आणि मागे पंखा ठेवला. हवेला मिळणारा पृष्ठभाग वाढल्याने १८ लिटरऐवजी ९ लिटर पाणी पुरू लागले. वेगात धावताना वारा आपोआप मिळतो. इंजिनाची खरी परीक्षा चढावर किंवा गाडी मंद चालताना होते, कारण तेव्हा पंखाच आधार. मिरवणुकीत पावलापावलाने सरकणाऱ्या कोणत्याही मोटारीची अडचण नेमकी हीच असते. ऑइल इंजिनांवर वाढलेल्या उद्यमनगरातील कारागिरांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही!

मार्च १९०१ मध्ये हीच गाडी नीसला उतरली. विल्हेल्म वेर्नर यांनी ला तुर्बीचा चढ ताशी ५१.४ किलोमीटर सरासरीने जिंकला. आधीचा उच्चांक ३१.३ होता. प्रतिस्पर्धी कारखान्यांनी लवकरच त्या रचनेचे अनुकरण केले.

स्वतः मेबॅक १९०७ मध्ये डाइमलर कंपनीतून बाहेर पडले. पुत्र कार्ल यांच्यासह त्यांनी १९०९ पासून झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांचा उद्योग उभारला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानांच्या इंजिनांवर बंदी आली, तेव्हा कार्ल मोटारींकडे वळले आणि १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांची 'डब्ल्यू ३' झळकली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा जेमतेम १,८०० मोटारी बनल्या. त्यांतलीच एक कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आली.