लोण्याला टाका कसा घालायचा?

सुरतच्या लिंबायतमधून एका वाचकाने विचारलं आहे : "वडिलांच्या स्वादुपिंडात पाण्याची गाठ निघाली. काढून टाकायची का?"

आधी गाठीची जात कळायला हवी. न्यूयॉर्कचे सर्जन नेथन बोझमन यांनी एका बाईचं पोट बीजकोशाची गाठ समजून उघडलं, तर ती निघाली स्वादुपिंडाची. वजन साडेवीस पौंड, म्हणजे नऊ किलोंहून जास्त! १८८२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. पोट उघडल्यावरच खरं काय ते कळायचं.

दारूमुळे किंवा पित्ताशयातल्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आली, की पाचकरस बाहेर झिरपतो आणि शरीर त्याभोवती भिंत बांधतं. ती पक्की व्हायला साधारण चार आठवडे लागतात. अशा अनेक गाठी आपोआप जिरतात. त्रास देणारी गाठसुद्धा बहुधा कापून काढत नाहीत, तिचं पाणी जठरात सोडतात. प्राग शहरात रुडॉल्फ येडलिच्का यांनी १९२१ मध्ये गाठ जठराला जोडली. आज तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या भिंतीतून स्टेंट बसवतात तेव्हा युक्ती त्यांचीच असते. त्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

चिकट द्राव बनवणाऱ्या काही गाठींतून मात्र पुढे कॅन्सर होऊ शकतो. तिथे स्वादुपिंडाचा भाग काढावा लागतो, आणि खरी जोखीम इथेच आहे. सुरतेच्या जरीकामात कापड टाका धरून ठेवतं. निरोगी स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ, टाका ओढला की फाटतं. मग जोडातून रस गळतो. हा रस अन्न पचवणारा. तो आजूबाजूचं मांसही पोखरतो, कधी रक्तवाहिनीसुद्धा. शिवाय मधुमेह जडू शकतो. शेपटाकडचा भाग काढताना प्लीहाही गेली, तर जंतुसंसर्गाविरुद्धच्या लशी घ्याव्या लागतात. डोक्याकडची शस्त्रक्रिया सर्वांत मोठी. अनुभवी केंद्रांत तिच्यातले मृत्यू आता पाच टक्क्यांच्या आत आले आहेत, पण गुंतागुंत आजही सर्रास होते.

म्हणून वडिलांचे सगळे जुने रिपोर्ट घेऊन जा. गाठ कोणत्या जातीची आणि ते कशावरून ठरवलं, हे विचारा. अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता, हेही सर्जनना विचारा. संकोच करू नका. ताप, कावीळ किंवा रक्ताची उलटी झाली तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.