जेवणानंतर झोप का येते?

मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास म्हणजे शिक्षकांची परीक्षाच! फळ्याकडे पाहणारे डोळे हळूहळू मिटू लागतात आणि मागच्या बाकावर कुणाची तरी मान डुलू लागते. पालकांशी बोलावे तर ते म्हणतात, "आमच्याकडे पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर सगळे असते. आहार संतुलित आहे, मग मुलांना सुस्ती का येते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेऊ या.

दुपारची झोप सर्वस्वी जेवणामुळे येत नाही. आपल्या मेंदूत शरीराचे एक घड्याळ असते. त्यानुसार रात्री गाढ झोप येते, तशीच दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान थोडी मरगळ येते. उपाशी राहिले तरी ती थोडीफार जाणवते. जेवण त्यात भर घालते, इतकेच.

ही भर कशी पडते? "रक्त पोटाकडे जाते, म्हणून डोक्याला कमी पडते" असे आपण ऐकत आलो आहोत. परंतु मेंदूचा रक्तपुरवठा शरीर कटाक्षाने सांभाळते. खरी कारणे निराळी आहेत. पोळी, भात, बटाटा, साखर यांचे पचन होऊन रक्तातील ग्लुकोज वाढते. आपल्याला जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन नावाच्या द्रव्याच्या पेशी मेंदूत असतात. ग्लुकोज वाढले की या पेशी शांत होतात, असे 2006 साली मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांना उंदरांवरील प्रयोगांत आढळले. तुपातेलाचे जेवण पोटात जास्त वेळ राहते आणि त्यानेही जडपणा येतो.

आता आपल्या ताटाकडे पाहू. अठराव्या शतकात पवारांबरोबर आपले पूर्वज धार आणि देवास येथे आले. येताना वरण-भात आणि पुरणपोळी घेऊन आले आणि येथे माळव्याचा गहू, सकाळचे पोहे-जिलेबी व सणावारी दाल-बाफले त्यांना मिळाले. आपण दोन्हीकडचे चांगले ते घेतले, पण त्यातून ताटात पोळी आणि भात दोन्ही पोटभर, जोडीला बटाट्याची भाजी, असे होऊन बसले. कोशिंबीर चमचाभर आणि वरण पातळ! पदार्थ सगळे आहेत, पण प्रमाण एकाच बाजूला झुकलेले आहे. बाफले तर आधी उकडून, मग भाजून तुपात बुडवलेले, आणि वर लाडू. त्यानंतर डोळे मिटले तर दोष डोळ्यांचा नव्हे!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा 45 टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे संतुलन पदार्थांच्या संख्येत नाही, त्यांच्या प्रमाणात आहे.

मग काय करावे?

1. ताटाचा निम्मा भाग भाजी, कोशिंबीर व फळांना द्या. वरण घट्ट करा; उसळ, दही किंवा अंडे जोडीला घ्या. पोळी पोटभर असेल तर भात थोडाच घ्या.

2. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि नंतर पोळी-भात असा क्रम ठेवल्यास रक्तातील साखर हळू चढते.

3. सकाळच्या पोह्यांत शेंगदाणे, मटार किंवा मोड आलेले मूग घाला. उपाशीपोटी शाळेत येणारे मूल सुट्टीत भराभर जेवते आणि नंतर पेंगते.

4. आजी-आजोबांची शतपावली विसरू नका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने साखरेची वाढ कमी होते. उन्हाळ्यात ओसरीवर चालले तरी पुरे.

5. मोठ्यांनी वामकुक्षी घ्यायची तर पंधरा-वीस मिनिटेच. तासभर झोपले की उठल्यावर डोके जड होते आणि रात्रीची झोप लांबते.

6. रात्रीची झोप पुरी करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी. मोबाईलपायी ती गेली, तर उत्तम डबाही दुपारी जागे ठेवू शकत नाही.

पालकांना एक आग्रहाची विनंती आहे. पेंगणाऱ्या मुलाला लगेच 'आळशी' म्हणू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलगी रोज थकलेली असेल, जिना चढताना धापा टाकत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. जेवणाबरोबर चहा देऊ नका, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेली भाजी किंवा उसळ मात्र उपयोगी पडते.

मोठ्यांनीही स्वतःकडे पाहावे. रोज जेवणानंतर अनावर झोप, वारंवार तहान व लघवी, कारण नसताना वजन घटणे ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. रात्री जोरात घोरणाऱ्यांनी, तसेच सतत थकवा आणि अंगावर सूज असणाऱ्यांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. थायरॉईडची तपासणीही तेच सुचवतील.

विश्वस्त मंडळींनी व शिक्षकांनी वेळापत्रकाकडेही या दृष्टीने पाहावे. गणित, व्याकरण सकाळी आणि सुट्टीनंतर प्रयोग, चित्रकला, हस्तकला असे ठेवता आले, तर शरीराच्या घड्याळाशी भांडावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या डबा उघडलात की आधी त्यातली भाजी संपवा, आणि सुट्टीत मैदानावर एक फेरी मारून मगच वर्गात या!