संगणक पेटी

संगणक पेटी किंवा कॅबिनेट म्हणजे डेस्कटॉप संगणकाचा मदरबोर्ड, वीजपुरवठा संच, ग्राफिक्स कार्ड, साठवणीची उपकरणे व पंखे ज्यात बसवले जातात ते आवरण होय. बोलण्याच्या ओघात या संपूर्ण पेटीला 'सीपीयू' म्हणण्याचा प्रघात आहे; प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर बसणारा प्रोसेसर होय. पेटी स्वतः कोणतेही गणन करत नाही. मात्र आतील भागांचे तापमान, पंख्यांचा आवाज, धुळीपासून बचाव आणि पुढे भाग बदलण्याची सोय या गोष्टी तिच्या रचनेवर अवलंबून असतात. त्यामुळे उपयुक्तता आणि देखणेपणा यांचा मेळ कसा घालावा, हा पेटीच्या निवडीतील मुख्य प्रश्न ठरतो.

इतिहास

१९८१ साली आलेल्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरची पेटी आडवी असून मॉनिटर सहसा तिच्यावरच ठेवला जाई. पुढे उभ्या 'टॉवर' पेट्या रूढ झाल्या. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. त्यात मदरबोर्डचे आकारमान, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा व मागील जोडण्यांची चौकट निश्चित करण्यात आली. त्यामुळे एका कंपनीच्या पेटीत दुसऱ्या कंपनीचा मदरबोर्ड बसवणे सुलभ झाले.

दीर्घकाळ बहुतेक पेट्या फिकट बदामी रंगाच्या व साध्या असत. १९९८ साली ॲपलने अर्धपारदर्शक रंगीत आवरणाचा आयमॅक बाजारात आणला आणि संगणकाच्या बाह्यरूपाला विक्रीच्या दृष्टीनेही महत्त्व आले. पुढील काळात स्वतः संगणक जुळवणाऱ्यांमध्ये, विशेषतः संगणकीय खेळ खेळणाऱ्यांमध्ये, काचेची बाजू व रंगीत एलईडी दिवे असलेल्या पेट्या लोकप्रिय झाल्या.

आकार व सुसंगतता

एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी आकाराचा असतो. मोठ्या पेटीत सहसा लहान मदरबोर्ड बसतो. याउलट मात्र शक्य नसते. मदरबोर्डखेरीज ग्राफिक्स कार्डाची लांबी, प्रोसेसरवरील कूलरची उंची आणि वीजपुरवठा संचाची लांबी ही मापेही पाहावी लागतात. मोठी ग्राफिक्स कार्डे ३०० मिमीपेक्षा लांब, तर मोठे कूलर सुमारे १६५ मिमी उंच असतात. अरुंद, नाजूक दिसणाऱ्या पेटीत असे भाग बसत नाहीत.

उष्णता व हवेचा प्रवाह

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता बाहेर नेण्याचे मुख्य साधन म्हणजे पेटीतून वाहणारी हवा. एखादा संगणक ४०० वॅट उष्णता निर्माण करत असेल आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंश सेल्सियसच अधिक गरम असावी असे अपेक्षित असेल, तर दर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा पेटीतून जावी लागते. प्रवाह निम्मा झाला, तर तापमानातील फरक दुप्पट होतो.

सर्वसाधारणपणे हवा पुढून आत येते आणि मागून व वरून बाहेर जाते. पेटीचा दर्शनी भाग सलग काचेचा असेल आणि हवेसाठी कडेला केवळ अरुंद फटी असतील, तर पंखे अधिक असूनही पुरेशी हवा आत येत नाही. जाळीदार दर्शनी भागातून हवा सहज येते, पण आतील आवाजही अधिक ऐकू येतो.

हवेने थंड होणाऱ्या संगणकातील भागांचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. म्हणूनच विदर्भासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात हवेच्या मार्गाला विशेष महत्त्व आहे. तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचल्यास प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. अशा वेळी महागड्या प्रोसेसरची पूर्ण क्षमता वापरात येत नाही.

आवाज व धूळ

समान प्रमाणात हवा हलवण्यासाठी १२० किंवा १४० मिमीचा पंखा ८० मिमीच्या पंख्यापेक्षा कमी वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा आवाज कमी असतो. आत हवा ओढणाऱ्या पंख्यांचा प्रवाह बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडा अधिक ठेवल्यास पेटीत किंचित जास्त दाब राहतो आणि फटींमधून धूळ कमी शिरते. हवेच्या वाटेवर सहज काढून धुता येणारी गाळणी असल्यास स्वच्छता सोपी होते.

साहित्य व सुरक्षितता

पेट्या प्रामुख्याने पोलादी पत्रा, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक व कडक केलेली काच यांपासून बनवल्या जातात. ॲल्युमिनियम हलके व महाग असते. मात्र उष्णता मुख्यतः हवेवाटे बाहेर जात असल्याने केवळ या धातूमुळे आतील भाग लक्षणीय थंड राहत नाहीत. कडक केलेली काच सपाट दाब सोसते, परंतु तिची कड फरशीवर आपटल्यास संपूर्ण काच क्षणात बारीक तुकडे होऊन फुटू शकते. धातूची पेटी वीजपुरवठा संचामार्फत अर्थिंगला जोडलेली असते. घरातील अर्थिंग सदोष असल्यास पेटीला हात लावताच झिणझिण्या जाणवू शकतात.

मॅक प्रोचे उदाहरण

रूप आणि कार्य यांतील ओढाताणीचे एक ठळक उदाहरण म्हणजे ॲपलचा २०१३ चा मॅक प्रो होय. सुमारे २५ सेंमी उंचीच्या या काळ्या दंडगोलात प्रोसेसर व दोन ग्राफिक्स संच एका त्रिकोणी उष्णतावाहक गाभ्याभोवती बसवले होते आणि वरचा एकच पंखा सर्वांना थंड करी. ही रचना देखणी व शांत होती; परंतु पुढे एकच, अधिक उष्ण व शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड वापरण्याकडे कल वाढला, तेव्हा तिच्यात तसा बदल करणे कठीण ठरले. उष्णतेच्या बाबतीत आपणच स्वतःला कोंडीत पकडल्याचे कंपनीने २०१७ साली पत्रकारांसमोर मान्य केले. २०१९ च्या मॅक प्रोमध्ये ॲपल पुन्हा टॉवर पेटीकडे वळली. त्यात पुढे तीन मोठे पंखे व विस्तारासाठी आठ खाचा होत्या. दर्शनी भागावरील छिद्रांची जाळी हवा आत घेत असे, आणि तीच त्या पेटीची ओळखही ठरली.

निवडीचे निकष

पेटी निवडताना प्रथम भागांची मापे, मग हवेचा मार्ग, त्यानंतर आवाज, स्वच्छतेची सोय व दुरुस्तीची सुलभता आणि शेवटी बाह्यरूप, असा क्रम उपयुक्त ठरतो. कार्यालयीन कामाचा संगणक कमी उष्णता निर्माण करत असल्याने त्याला बंदिस्त व लहान पेटीही पुरते. चित्रफीत संपादन किंवा खेळांसाठीच्या संगणकाला मात्र मोकळा प्रवाह आवश्यक असतो. दिवे व काच यांवर खर्च केलेली रक्कम चांगल्या वीजपुरवठा संचातून किंवा पंख्यांतून कापली जाणार असेल, तर मर्यादित खर्चात संगणक जुळवणाऱ्याला साधी जाळीदार पेटी अधिक लाभदायक ठरते. एटीएक्स मानकामुळे चांगली पेटी मदरबोर्ड व प्रोसेसर बदलल्यानंतरही अनेक वर्षे वापरता येते.