ऊन आहे, घर बंद आहे

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर स्वस्त सूर्यचूल का रुजत नाही ते पाहून लिहा, असे संपादकांनी सुचवले. वरवर पाहता प्रश्नच पडू नये. पावसाळा सरला की मेपर्यंत इथे उन्हाला तोटा नाही. सरपणासाठी मात्र रान तुडवावे लागते. खर्डी, कसारा, टोकावडे या पट्ट्यात आजही बाया डोक्यावर मोळी घेऊन घरी परततात. मग ओलसर लाकूड पेटवताना फुंकणीने जीव काढायचा, कुडाच्या घरात धूर कोंडून घ्यायचा. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि गॅसच्या शेगड्या पाड्यांपर्यंत आल्या. पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात, आणि रोजंदारीच्या घरात तेवढी रक्कम एकदम हातात नसते. म्हणून शेगडी असूनही चूल पेटतेच.

उन्हावर शिजवण्याची कल्पना जुनी आहे. १७६७ मध्ये ओरास द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने काचेच्या पेटीत सूर्याची उष्णता कोंडून दाखवली. आपल्या जवळचा दाखला मुंबईचाच. विल्यम अॅडम्स हे मुंबई उच्च न्यायालयातले उपनिबंधक. त्यांनी आठ आरशांची सूर्यचूल बनवली आणि ऐन जानेवारीत सात सैनिकांचे मांस-भाजीचे जेवण दोन तासांत शिजवले. ‘उष्ण देशांत इंधनाला पर्याय सूर्याची उष्णता’ अशा आशयाचे त्यांचे पुस्तक १८७८ साली निघाले. पुढे १९४५ मध्ये जमशेदपूरच्या एम. के. घोष यांनी पेटीचा कुकर केला. १९८२ पासून केंद्र सरकारने त्याचा प्रसार हाती घेतला आणि या पेटीला भारतीय मानकही मिळाले.

ही पेटी जवळून पाहावी अशीच आहे. सुटकेसएवढे खोके. आत काळा रंग दिलेला अॅल्युमिनियमचा तळ, त्याभोवती काचलोकरीचा थर, वर दुहेरी काच आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. काळ्या रंगाचे चार डबे. तांदूळ, डाळ आणि मोजके पाणी घालून दहाच्या सुमाराला पेटी उन्हात ठेवायची आणि आरसा असा कलता करायचा की त्याचा झोत काचेवर पडेल. थोड्या वेळाने काचेच्या आतून बारीक थेंब जमतात. वाफ धरली, अन्न तापले, याची ती खूण. तेव्हा झाकण उघडायचा मोह आवरावा लागतो. एकदा उघडले की कोंडलेली उष्णता निघून जाते आणि शिजायला उशीर होतो. भात तासा-दीड तासात होतो, तूरडाळ दोनेक तास घेते. ढवळावे लागत नाही, करपत नाही. अंडी तर पाण्याशिवाय उकडतात.

या पेटीत मला सगळ्यांत विचार करायला लावला तो काचेच्या कडेने फिरणाऱ्या रबरी पट्टीने. पेटीचा सगळा जीव तिच्यात आहे. काच उजेड आत घेते आणि आतली उष्णता अडवते, पण गरम हवा फटीतून निसटली तर काच काय करणार? उन्हात पडून पडून ही पट्टी कडक होते, तडकते. मग भात कच्चा राहतो, घरची माणसे पेटीला नावे ठेवतात आणि तिच्यात धान्य ठेवले जाते. दोष सूर्याचा नसतो, शास्त्राचाही नसतो. काही रुपयांची पट्टी बदलून देणारा माणूस तालुक्यात नसतो, एवढेच. पेटी वाटणाऱ्या योजना झाल्या, पण पेटी दुरुस्त करणारा कारागीर उभा करायचे बहुधा राहून गेले.

पण पट्टी बदलली म्हणजे सगळे सुटले असे नाही. इथल्या जेवणाचा आधार तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, आणि पेटीत भाकरी भाजत नाही. फोडणी होत नाही. मोठ्या तबकडीच्या सूर्यचुलीवर तवा चांगला तापतो, पण ती दर पंधरा-वीस मिनिटांनी सूर्याकडे वळवावी लागते, आणि ज्या बाईने दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचे तिने ती कधी वळवायची? चूल पेटते उजाडण्याआधी आणि दिवेलागणीनंतर, दोन्ही वेळी सूर्य नसतो. शिवाय चुलीवर आंघोळीचे पाणी तापते, थंडीत घर उबदार राहते, वर टांगलेले बियाणे धुराने किडीपासून वाचते. नवे साधन आणताना जुन्याची ही सगळी कामे मोजायला हवीत.

सगळ्यांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. शहापूर-मुरबाडमधली अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याणच्या बाजूला भट्टीशेजारीच झोपडी करून राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे नोव्हेंबर ते मे, जेव्हा सूर्यचूल सर्वांत चांगली चालते, तेव्हा पाड्यावरच्या घराला कुलूप. आणि माणसे घरी येतात तेव्हा जून ते सप्टेंबर कोकणचा पाऊस. चाड देशातल्या इरिडिमी निर्वासित छावणीत पुठ्ठा आणि चकचकीत अॅल्युमिनियमच्या वर्खाच्या स्वस्त सूर्यचुली बायांनी स्वीकारल्या. तिथे ऊन कोरडे होते, लाकडासाठी बाहेर पडणे जिवावरचे होते, आणि माणसे एका जागी होती. आपल्याकडे पावसाळ्यातल्या दमट हवेत पुठ्ठा महिनाभरही टिकणार नाही.

मग सोडून द्यायचे का? मुळीच नाही, पण सुरुवात घरापासून करू नये. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ तबकड्या वाफ तयार करून स्वयंपाकाला मदत करतात. ते जमते, कारण स्वयंपाकघर स्थलांतर करत नाही, पगारी माणूस असतो, स्वयंपाक दिवसाही चालतो आणि ढगाळ दिवसासाठी दुसरे इंधन असते. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या बांचा गावात आयआयटी मुंबईच्या तंत्रज्ञानावर घरोघर सौरविजेच्या शेगड्या बसल्या. त्यावर भाकरीही होते, संध्याकाळीही शिजते. पण पॅनेल आणि बॅटरीचा खर्च मजुराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

म्हणून परत पेटीकडे यावे लागते. तिला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी शहापूर-मुरबाडमध्ये एकत्र सापडतात त्या अंगणवाडीत आणि आश्रमशाळेत. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस आहार मिळतो, पुढे मुलांनाही अंडी मिळू लागली. भात, वरण, उसळ, उकडलेली अंडी, सगळे दुपारचे, सगळे पेटीत होणारे. भाकरी आणि पावसाळा यांच्यासाठी गॅस राहू द्यावा. ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने पेटीने गॅस आणि लाकूड वाचवले तरी फार झाले.

जिल्हा परिषदेने आणि आदिवासी विकास विभागाने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक अंगणवाडीला चांगल्या दर्जाच्या पेट्या द्याव्यात आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये काच, रबरी पट्टी, आरसा बदलणारे दोन-तीन तरुण तयार करावेत. दुसरी गोष्ट होणार नसेल तर पहिलीवर पैसा खर्च करू नये.